स्मार्ट टीव्ही घेताय? खरेदीचा क्रम उलटा लावू नका

टीव्ही घेताना बहुतेकांचा क्रम ठरलेला असतो. आधी सवलत नजरेत भरते, मग कंपनी ठरते, मग परवडेल तेवढा मोठा आकार, आणि टेप हातात येते ती थेट खोकं घरात आल्यावर. तेव्हा कळतं की टीव्हीचे पाय टेबलावर मावत नाहीत, समोरच्या खिडकीचा उजेड पडद्यावर पडतो, कडेच्या खुर्चीवरून रंग फिके दिसतात आणि साउंडबार (बाहेरून जोडायचा लांबट स्पीकर) लावायला पोर्टच, म्हणजे केबल खोचायची जागाच, उरलेली नाही. यातल्या एकाही अडचणीत टीव्हीचा दोष नसतो. तो त्या खोलीसाठी नव्हता, एवढंच.

या लेखातला क्रम एका साध्या गोष्टीवर उभा आहे. टीव्हीतल्या काही गोष्टी पुढे बदलता येतात, काही नाही. सॉफ्टवेअर मंदावलं तर अ‍ॅप चालवणारी वेगळी छोटी स्टिक टीव्हीला लावता येते, आवाज कमी वाटला तर साउंडबार जोडता येतो. पण आकार, पॅनेल (चित्र उमटवणारा मूळ भाग), पडद्याचा उजळपणा आणि पोर्ट एकदा घेतले की शेवटपर्यंत तेच. म्हणून जे बदलता येत नाही ते आधी ठरवायचं. दुकान, ऑफर आणि कंपनी यांची पाळी नंतर.

एक वही, मोजमापाची टेप, मास्किंग टेप, हातात धरता येईल असा आरसा आणि एक पेनड्राइव्ह एवढं सामान लागेल.

टप्पा १ : जागा मोजा

टीव्हीचा इंच म्हणजे पडद्याचा कर्ण, एका कोपऱ्यापासून तिरक्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत. जागेला मात्र रुंदी आणि उंची लागते. नेहमीच्या आकारांचे पडदे साधारण असे भरतात:

- ४३ इंच : ९५ सेंमी रुंद, ५४ सेंमी उंच
- ५० इंच : १११ सेंमी रुंद, ६२ सेंमी उंच
- ५५ इंच : १२२ सेंमी रुंद, ६८ सेंमी उंच
- ६५ इंच : १४४ सेंमी रुंद, ८१ सेंमी उंच
- ७५ इंच : १६६ सेंमी रुंद, ९३ सेंमी उंच

त्यात चौकटीचे एखाद-दोन सेंटिमीटर धरा. कपाटाच्या कोनाड्यात बसवायचा असेल तर चारही बाजूंनी हवा खेळेल एवढी जागा सोडा.

टेबलावर ठेवणार असाल तर पडद्याच्या रुंदीपेक्षा पायांमधलं अंतर महत्त्वाचं. हल्ली बऱ्याच टीव्हींना मधला स्टँड नसतो, दोन पाय दोन टोकांना असतात, आणि त्यांच्यातलं अंतर टेबलापेक्षा जास्त निघू शकतं. कंपनीच्या संकेतस्थळावर मापांचं रेखाचित्र असतं. त्यातला पायांमधल्या अंतराचा आकडा वहीत उतरवून घ्या.

आता भिंतीवर मास्किंग टेपने त्या मापाचा आयत आखा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. दार पूर्ण उघडतं का, कपाटाचं दार त्यावर आपटतं का, प्लगचा सॉकेट आयताच्या मागे जातो की बाहेर उघडा राहतो, हे सगळं त्या दोन दिवसांत दिसून येतं.

उंचीची चूक तर घरोघरी दिसते. टीव्ही उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर टांगला जातो आणि बसून बघणाऱ्याची मान दुखायला लागते. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण १०० ते ११० सेंमीवर असतात. पडद्याचा मध्य त्याच पातळीच्या आसपास हवा. ५५ इंची पडद्याचा मध्य १०५ सेंमीवर ठेवला तर खालची कड जमिनीपासून जेमतेम ७० सेंमीवर येते. हे ऐकताना फार खाली वाटतं, म्हणूनच आयत आखल्यावर समोर बसून बघा. उंचावर लावण्यावाचून इलाजच नसेल तर खाली झुकणारा माउंट (टीव्ही भिंतीवर धरणारी चौकट) घ्या.

सावधान : भिंत पोकळ किंवा पातळ पार्टिशनची असेल तर टीव्हीचं वजन आधी बघा आणि त्या भिंतीसाठी योग्य अँकर (भिंतीत स्क्रू घट्ट धरणारे खुंट) कोणते ते बसवणाऱ्याकडून ठरवून घ्या. माउंट घेताना वेसा माप जुळवा. हे माप म्हणजे टीव्हीच्या पाठीवरच्या स्क्रूच्या भोकांमधलं मिलिमीटरमधलं अंतर, जसं २०० बाय २०० किंवा ३०० बाय ३००.

टप्पा २ : बसण्याच्या जागेवरून आकार ठरवा

आकार खोलीच्या लांबीवरून ठरवू नका. डोळ्यांपासून पडद्यापर्यंतचं अंतर मोजा आणि ते सेंटिमीटरमध्ये लिहा.

- त्या आकड्याला ४ ने भागा. जो आकडा येईल तेवढे इंच रोजच्या बघण्यासाठी चांगले.
- ३ ने भागलं की वरची मर्यादा मिळते. चित्रपटगृहासारखा अनुभव हवा असेल तर इथपर्यंत जा, पुढे नको.
- घरात मुख्यतः जुन्या दर्जाचे, कमी स्पष्टतेचे चॅनेल लागत असतील तर ५ ने भागा. मोठ्या पडद्यावर जवळून हे चॅनेल फार फाटके दिसतात.

उदाहरणार्थ, अंतर २२० सेंमी असेल तर ४ ने भागून ५५ इंच येतात, ५ ने भागून ४४. हे सूत्र हवेतून आलेलं नाही. ४ ने भागल्यावर पडदा तुमच्या नजरेचा साधारण ३० अंशांचा भाग व्यापतो, ३ ने भागल्यावर साधारण ४० अंशांचा, आणि घरगुती सिनेमासाठी हेच दोन कोन मानले जातात.

आता कडेच्या जागा बघा. पडद्याच्या मध्यापासून समोर सरळ रेषा कल्पा. कडेच्या खुर्चीवर बसणारा त्या रेषेपासून किती बाजूला आहे ते मोजा. हे बाजूचं अंतर पडद्यापर्यंतच्या सरळ अंतराच्या निम्म्याहून जास्त असेल तर ती खुर्ची जवळजवळ २७ अंशांच्या पलीकडे आहे. बाजूचं आणि सरळ अंतर सारखंच असेल तर कोन ४५ अंशांचा. वहीत लिहा: कडेला रोज बसणारं कोणी आहे का? असेल तर पाचव्या टप्प्यात हे उत्तर निर्णायक ठरेल.

टप्पा ३ : उजेड तपासा

हा टप्पा जवळजवळ सगळेच वगळतात, आणि टीव्ही आल्यावरची निम्मी नाराजी इथूनच येते. पडद्याचा आयत आखलाय तिथे कोणाला तरी आरसा भिंतीला समांतर धरायला सांगा आणि तुम्ही नेहमीच्या जागेवर बसा. आरसा आयतभर हळूहळू फिरवायला सांगा. खिडकी, ट्यूबलाइट, बाल्कनीचं दार, आरशात जे जे चमकेल ते ते काळोख्या दृश्यात पडद्यावरही दिसणार आहे. हे एकदा दुपारी करा, एकदा रात्री सगळे दिवे लावून करा.

काय दिसलं त्यावरून पुढची वाट ठरते. आरशात खिडकी थेट दिसत असेल तर आधी सोपे उपाय बघा: खिडकीला जाड पडदा, टीव्ही बाजूच्या भिंतीवर हलवणं, दिव्याची जागा बदलणं. यातलं काहीच जमणार नसेल तर जास्त उजळ आणि प्रतिबिंब कमी करणारा लेप असलेला पडदा लागेल. दिवसा क्वचितच टीव्ही लागतो, रात्री दिवे मंद करून बघता, असं असेल तर उजळपणापेक्षा काळा रंग किती खरा दिसतो याला महत्त्व द्या.

टप्पा ४ : काय बघता ते आठवडाभर लिहा

आपण काय बघतो याबद्दलचा आपलाच अंदाज चुकतो. आठवडाभर नोंद ठेवा: बातम्या, मालिका, सामने, चित्रपट, मुलांचे कार्यक्रम, गेम, आणि प्रत्येकाला साधारण किती तास. सोबत दोन गोष्टी लिहा. घरात कोणकोणती अ‍ॅप वापरली जातात, आणि टीव्हीला काय काय जोडायचं आहे: सेट-टॉप बॉक्स, साउंडबार, गेम कन्सोल, लॅपटॉप, जुना अ‍ॅम्प्लिफायर.

वहीत अंतर, कोन, उजेड, सवयी आणि जोडण्या या पाच नोंदी झाल्याशिवाय मॉडेल बघायला बसू नका.

टप्पा ५ : पॅनेल निवडा

चित्राचा दर्जा सर्वांत जास्त ठरतो तो इथे, आणि जाहिरातीतली नावं सर्वांत जास्त गोंधळ घालतात तीही इथेच. मुळात दोनच घराणी आहेत. एकात मागून दिव्यांचा प्रकाश येतो आणि पुढचा द्रवस्फटिकांचा थर तो अडवतो किंवा सोडतो. हा एलसीडी. एलईडी, क्यूएलईडी, मिनी एलईडी ही सगळी याच घराण्यातली. दुसऱ्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. हा ओएलईडी. क्यूएलईडी आणि ओएलईडी ही नावं ऐकायला सख्ख्या भावंडांसारखी असली तरी तंत्र पूर्ण वेगळं आहे. क्यूएलईडीमध्ये क्वांटम डॉट या अतिसूक्ष्म कणांचा थर असतो. त्याने रंग जास्त शुद्ध होतात, पण काळा रंग तेवढ्याने सुधारत नाही.

एलसीडी घेणार असाल तर दोन प्रश्न विचारा.

पहिला, पॅनेल व्हीए आहे की आयपीएस? द्रवस्फटिकांच्या मांडणीचे हे दोन प्रकार. व्हीएमध्ये काळा रंग बराच गडद असतो, कॉन्ट्रास्ट (सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद यांतलं प्रमाण) ३०००:१ किंवा त्याहून जास्त मिळतो, पण बाजूने बघितल्यावर रंग फिकटतात. आयपीएसमध्ये बाजूनेही रंग टिकतात, पण कॉन्ट्रास्ट १०००:१ च्या आसपास राहतो आणि अंधाऱ्या खोलीत काळा रंग राखाडी दिसतो. दुसऱ्या टप्प्यात कडेच्या खुर्चीवर रोज बसणारं माणूस निघालं असेल तर आयपीएस किंवा ओएलईडी. सगळे समोरच बसत असतील तर व्हीए.

दुसरा, दिवे मागे कसे बसवलेत आणि लोकल डिमिंग आहे का? बऱ्याच बारीक टीव्हींत दिवे फक्त कडेला असतात. पूर्ण पडद्यामागे दिवे असून ते गटागटाने मंद होत असतील तर काळ्या आकाशातला चंद्र उजळतो आणि आकाश काळंच राहतं. हेच लोकल डिमिंग, आणि अशा गटांना झोन म्हणतात. मिनी एलईडीत दिवे फार बारीक असल्याने झोन पुष्कळ करता येतात. झोन कमी असले की उजळ वस्तूभोवती धुरकट वलय दिसतं. काळ्या पडद्यावर पांढरी सबटायटल्स लावली की ते लगेच पकडता येतं.

ओएलईडीत काळा रंग खरोखर काळा, आणि बाजूनेही चित्र उत्तम. रात्री चित्रपट बघणाऱ्या घरासाठी मी निःशंकपणे हेच सांगेन. पण चौथ्या टप्प्यातली नोंद इथे काढा. बातम्यांचा एकच चॅनेल रोज आठ-दहा तास चालत असेल, खालची पट्टी आणि कोपऱ्यातला लोगो तिथून हलतच नसेल, तर त्यांची छाप पडद्यावर कायमची उमटू शकते. त्या घराने ओएलईडी घेऊ नये. दिवसभर उन्हाने भरलेल्या खोलीतही चांगला मिनी एलईडी जास्त समाधान देतो.

सावधान : ओएलईडी टीव्ही स्टँडबायमध्ये असताना ठिपक्यांची स्वतःहून दुरुस्ती करतो. रोज रात्री भिंतीवरचा स्विच बंद करण्याची सवय असेल तर ते काम होतच नाही. ओएलईडी घेतल्यास रिमोटनेच बंद करायचं, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

टप्पा ६ : खोक्यावरचे आकडे वाचा

*स्पष्टता.* फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८० ठिपके, म्हणजे सुमारे २१ लाख. ४के म्हणजे ३८४० बाय २१६०, सुमारे ८३ लाख. चौपट ठिपक्यांनी चित्र चौपट चांगलं दिसत नाही, कारण डोळ्यांना मर्यादा आहे. सामान्य निरोगी नजरेला ४३ इंची फुल एचडी पडद्यावरचे ठिपके साधारण १.७ मीटरच्या पुढे वेगळे दिसत नाहीत, ५५ इंचीवरचे साधारण २.२ मीटरच्या पुढे. तरीही ४३ इंच आणि त्यापुढे ४केच घ्या, कारण चांगली पॅनेल आणि एचडीआर आता ४केतच येतात. ८के मात्र नको. घरातल्या अंतरावरून त्याचा फरक दिसत नाही आणि त्या दर्जाचं बघण्यासारखंही फार थोडं आहे.

*एचडीआर.* एचडीआर म्हणजे उजळ भाग जास्त उजळ आणि गडद भाग तपशिलासह दाखवण्याची सोय. खोक्यावर एचडीआरचा शिक्का असला म्हणजे टीव्ही एवढंच सांगतो की तो सिग्नल त्याला वाचता येतो. तो दाखवण्याइतका उजेड त्याच्याकडे आहे का, हा वेगळा प्रश्न. उजळपणा निटमध्ये मोजतात. एलसीडीत ३०० निटच्या आसपास एचडीआरचा परिणाम जवळजवळ दिसत नाही, ६०० च्या पुढे दिसू लागतो, १००० ला चांगला दिसतो. सोबत लोकल डिमिंग नसेल तर उजेड वाढवला की काळा रंगही उजळतो. ओएलईडीला कमी निटमध्येही भागतं, कारण त्याचा काळा रंग पूर्ण काळा असतो.

एचडीआरचे प्रकार अनेक आहेत. एचडीआर १० मध्ये उजळपणाबद्दलची सूचना संपूर्ण चित्रपटासाठी एकच असते, तर डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर १० प्लसमध्ये ती दृश्यागणिक बदलते. सॅमसंगच्या टीव्हीत डॉल्बी व्हिजन नसतं, एचडीआर १० प्लस असतं. तुमची अ‍ॅप काय देतात ते बघा, पण केवळ या शिक्क्यासाठी उजळ पॅनेल सोडून मंद पॅनेल घेऊ नका.

*रिफ्रेश रेट.* पडदा सेकंदाला किती वेळा नवं चित्र दाखवतो तो आकडा, हर्ट्झमध्ये. खरे पर्याय प्रामुख्याने दोन: ६० आणि १२०, काही मॉडेलांत १४४ही. "मोशन रेट", "क्लिअर मोशन" अशा नावांखाली छापलेले मोठे आकडे पॅनेलचे नसतात, प्रक्रियेचे असतात. तपशिलात "नेटिव्ह" किंवा "पॅनेल रिफ्रेश रेट" असा शब्द शोधा. आणखी एक पळवाट आहे. काही ६० हर्ट्झच्या ४के पॅनेलांवर स्पष्टता कमी करून १२० हर्ट्झ चालवतात आणि खोक्यावर १२० छापतात. म्हणून प्रश्न नेमका विचारा: "पूर्ण ४के असताना १२० हर्ट्झ मिळतात का?"

गरज कोणाला? वेगवान सामने आणि गेम यांच्यासाठी १२० चा फायदा स्पष्ट दिसतो. चित्रपटालाही थोडा होतो. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचा असतो, १२० ला २४ ने पूर्ण भाग जातो, ६० ला जात नाही. त्यामुळे काही ६० हर्ट्झच्या टीव्हींवर कॅमेरा संथ फिरताना चित्र बारीक अडखळतं. बातम्या आणि मालिकांसाठी ६० पुरे.

टप्पा ७ : पोर्ट मोजा

चौथ्या टप्प्यातली जोडण्यांची यादी काढा आणि प्रत्येक वस्तूसमोर पोर्ट लिहा. एचडीएमआय म्हणजे चित्र आणि आवाज एकाच केबलने नेणारा पोर्ट. साउंडबारसाठी लागतो तो एआरसी किंवा ईएआरसी (टीव्हीचा आवाज बाहेर पाठवणारा) लिहिलेला एचडीएमआय पोर्ट, आणि तो बहुधा एकच असतो. गेम कन्सोलला ४के आणि १२० हर्ट्झ हवे असतील तर एचडीएमआय २.१ च्या क्षमतेचा पोर्ट लागतो. अडचण अशी की काही मॉडेलांत ईएआरसीचा पोर्ट हाच २.१ च्या मोजक्या पोर्टांपैकी एक असतो. साउंडबार लावला की एक कमी झाला. शिवाय "२.१" हा शिक्का सगळ्या सोयींची हमी देत नाही. ४के १२०, व्हीआरआर (गेमच्या वेगानुसार बदलणारा रिफ्रेश रेट) आणि एएलएलएम (गेम सुरू होताच कमी उशिराचा मोड आपोआप लागणं) ही तीन नावं तपशिलात वेगवेगळी दिसली पाहिजेत. गेम खेळत नसाल तर हा सगळा परिच्छेद सोडून द्या, २.० पोर्टवर ४के ६० हर्ट्झ छान चालतं.

तपासा : यादीतल्या वस्तूंपेक्षा एक एचडीएमआय पोर्ट जास्त हवा. आठव्या टप्प्यात ज्या स्टिकबद्दल सांगितलंय, तिची ती जागा. टीव्ही भिंतीला चिकटून बसणार असेल तर पोर्ट मागे सरळ उघडतात की बाजूला, हेही बघा. सरळ मागे उघडणाऱ्या पोर्टमध्ये केबल वाकते आणि कालांतराने सैल होते.

टप्पा ८ : "स्मार्ट" भाग तपासा

हा टप्पा मुद्दाम इतका मागे ठेवला आहे. टीव्हीतला पडदा दहा वर्षंही चालू शकतो, पण सॉफ्टवेअर त्याच्या कितीतरी आधी मंदावतं, अपडेट थांबतात, एखादं अ‍ॅप चालेनासं होतं. तेव्हा स्ट्रीमिंग स्टिक लावून काम भागतं. म्हणून उत्तम सॉफ्टवेअरसाठी दुय्यम पॅनेल घेऊ नका. उलटा सौदा चालेल.

तरी काही गोष्टी पक्क्या बघायच्या. गूगल टीव्ही, सॅमसंगचं टायझन, एलजीचं वेबओएस, अ‍ॅमेझॉनचं फायर टीव्ही, रोकू, हायसेन्सच्या अनेक टीव्हींतलं विडा, यांपैकी काहीही असो, घरातलं प्रत्येक अ‍ॅप त्या प्रणालीत आहे का ते नावानिशी तपासा. अनोळखी कंपनीचा स्वस्त "अँड्रॉइड" टीव्ही असेल तर तो गूगलने प्रमाणित केलेला आहे का विचारा. प्रमाणपत्र नसलेल्या टीव्हीत मोबाइलचीच अँड्रॉइड प्रणाली बसवलेली असू शकते. अशा टीव्हीत वाइडवाइन एल-१ ही नक्कल रोखणारी संरक्षण पातळी नसेल तर पडदा ४के असूनही बरीच सशुल्क अ‍ॅप अगदी कमी दर्जाचं चित्र देतात. टीव्ही नवा, पडदा चांगला, आणि चित्र धूसर, अशी तक्रार आली की कारण बहुधा हेच असतं.

प्रणाली अँड्रॉइड किंवा गूगल टीव्ही असेल तर रॅम किमान २ जीबी बघा.

इंटरनेटचा वेग टीव्हीच्या जागी उभं राहून, संध्याकाळी मोजा. राउटरशेजारी मिळणारा वेग इथे उपयोगाचा नाही. नेटफ्लिक्स ४केसाठी १५ एमबीपीएस किंवा जास्त वेग सुचवतं. वायफाय ५ गिगाहर्ट्झवर पकडता येणारा टीव्ही घ्या. शक्य असेल तिथे लॅन केबल ओढा. बऱ्याच टीव्हींचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो, पण स्ट्रीमिंगला तो भरपूर होतो आणि वेग हेलकावे खात नाही.

टप्पा ९ : आता दुकानात जा

इथवर आल्यावर तुमच्याकडे तीन-चारच मॉडेल उरलेली असतात. पूर्ण मॉडेल क्रमांक लिहून न्या, शेवटच्या अक्षरांसह. एकाच मालिकेत ४३ इंचीत एक पॅनेल आणि ५५ इंचीत दुसरं असू शकतं. छोट्या आकारांत १२० हर्ट्झ किंवा लोकल डिमिंग अनेकदा काढून टाकलेलं असतं. "तीच मालिका आहे" या उत्तरावर समाधान मानू नका.

दुकानात सगळे टीव्ही भडक मोडवर असतात आणि त्यांच्यावर खास बनवलेले, फुलं, मासे आणि रोषणाईचे व्हिडिओ चालतात. त्यावर कुठलाही पडदा सुंदर दिसतो. पेनड्राइव्हवर आपले व्हिडिओ न्या: एक अंधारं दृश्य, एक चेहऱ्याचा जवळून घेतलेला शॉट, मैदानावर कॅमेरा वेगाने फिरतो असा एक तुकडा, आणि एक जुना, कमी दर्जाचा व्हिडिओ. मेनूतून होम मोड आणि मग सिनेमा किंवा फिल्ममेकर हा चित्रप्रकार लावून मागा.

- चेहऱ्यावर त्वचा त्वचेसारखी दिसते का, की मेणासारखी गुळगुळीत?
- हिरव्या मैदानावर कॅमेरा फिरताना मळकट उभे पट्टे सरकताना दिसतात का?
- अंधाऱ्या दृश्यात कोपरे ढगाळ उजळतात का?
- जुना व्हिडिओ बघवतो का? कमी दर्जाचं चित्र सांभाळून घेण्यात टीव्ही-टीव्हींत मोठा फरक असतो, आणि दुकानात तो कोणी दाखवत नाही.

मग कडेला जा, तुमच्या घरातल्या त्या खुर्चीएवढ्या कोनावर, आणि हेच पुन्हा बघा. रिमोट हातात घेऊन मेनू वर-खाली भराभर फिरवा. दुकानातच अडखळत असेल तर वर्षभराने काय होईल ते उघड आहे. घरातल्या ज्येष्ठांनाही रिमोट हाताळू द्या.

पैसे देण्याआधी या गोष्टी लेखी घ्या: पॅनेलसह वॉरंटी किती, मृत (कायम काळे राहणारे) ठिपके किती असले तर बदलून मिळेल, परतीची मुदत किती दिवस, माउंट आणि बसवणी किमतीत आहे की वेगळी.

टप्पा १० : खोकं उघडताना

मोठा टीव्ही उभाच आणायचा असतो. आडवा झोपवून आणलेला असेल तर तो स्वीकारतानाच तशी नोंद करा. खोक्यावर फाटलेलं, दबलेलं काही असेल तर उघडण्याआधी फोटो काढा, आणि उघडण्याचं सलग चित्रीकरण करा. खोक्यावरचा आणि टीव्हीच्या पाठीवरचा अनुक्रमांक जुळवा. उचलताना दोघांनी कडा आणि पाठ धरायची. पडद्यावर बोटं किंवा तळवा टेकवायचा नाही, आजचे पॅनेल तेवढ्यानेही तडकतात.

भिंतीवर लावण्याआधी टीव्ही चालू करून बघा. बसवणारा घाईत असला तरी हे सोडू नका. पूर्ण पांढरा, राखाडी, लाल, हिरवा, निळा आणि काळा असे सहा पडदे, म्हणजे पडदाभर एकच रंग असलेली चित्रं, पेनड्राइव्हवर तयार ठेवा आणि एकेक दाखवा. सतत काळा राहणारा ठिपका मृत, सतत एकाच रंगात राहणारा ठिपका अडकलेला. राखाडीवर डाग आणि पट्टे, काळ्यावर कोपऱ्यांतून गळणारा उजेड दिसतो. काळा पडदा दिवे घालवून बघा. मग प्रत्येक एचडीएमआय पोर्ट, वायफाय, आणि दोन्ही बाजूंचा आवाज.

टप्पा ११ : पहिल्या दिवशीच्या सेटिंग

सुरुवातीला टीव्ही वापराचं ठिकाण विचारतो तेव्हा "होम" निवडा. चुकून "स्टोअर" निवडलं की तो कायम भडक राहतो आणि काही सेटिंग आपोआप मूळ जागी जातात. करारांच्या पानांवर सगळ्याला "मान्य" म्हणू नका. बघितलेलं ओळखून नोंदवण्याची सोय आणि व्यक्तिगत जाहिराती या गोष्टी नाकारूनही टीव्ही व्यवस्थित चालतो.

नंतर एवढं करा:

- चित्रप्रकार सिनेमा किंवा फिल्ममेकर. पहिले दोन दिवस पिवळसर वाटेल, डोळ्यांना सरावू द्या.
- शार्पनेस शून्याजवळ. जास्त केला की कडांना पांढरी किनार येते, तपशील वाढत नाही.
- मोशन स्मूदिंग (मधली चित्रं टीव्हीने स्वतः भरून हालचाल गुळगुळीत करणं) बंद. चित्रपट जर स्टुडिओत चित्रित केलेल्या मालिकेसारखा दिसत असेल तर कारण हेच.
- वीजबचतीचा पर्याय चित्र फार अंधुक करत असेल तर बंद करा किंवा खालच्या पातळीवर ठेवा.
- चित्राच्या कडा कापल्या जात असतील, उदाहरणार्थ बातम्यांची पट्टी अर्धी दिसत असेल, तर आकाराच्या मेनूत "जस्ट स्कॅन" किंवा "फिट टू स्क्रीन" लावा.
- कन्सोल किंवा ४के बॉक्स जोडला असेल तर त्या पोर्टचा सिग्नल प्रकार "एन्हान्स्ड" करा. बऱ्याच टीव्हींत तो बंद असतो, आणि लोक चांगल्या पोर्टवर वर्षानुवर्षं कमी दर्जाचं चित्र बघत राहतात.
- साउंडबार ईएआरसी पोर्टला जोडून आवाजाच्या मेनूत बाहेर जाणारा आवाज त्याच्याकडे वळवा आणि ईएआरसी चालू करा.

परतीची मुदत संपेपर्यंत खोकं, थर्माकोल आणि स्क्रूची पिशवी टाकू नका. मुदत संपायच्या दोन दिवस आधी राखाडी आणि काळा हे दोन पडदे पुन्हा एकदा रात्री लावून बघा. वाहतुकीत बसलेला काही धक्का पहिल्या दिवशी दिसत नाही, काही तास पडदा तापल्यावर रेघ किंवा डाग म्हणून वर येतो. तसं काही दिसलं तर फोटो काढून त्याच दिवशी तक्रार नोंदवा, तक्रार क्रमांक लेखी घ्या आणि टीव्ही पुन्हा खोक्यात भरताना उभाच ठेवा.